करंजाच्या शेंगा नक्की कधी पिकतात? (नेरूळमधली तीन झाडं)

खाडीकाठ | १२ जानेवारी

नमस्कार मंडळी. नेरूळला आमच्या सोसायटीच्या कुंपणालगत करंजाची तीन जुनी झाडं आहेत. गेल्या एप्रिलअखेर ती अशी फुलली, की खाली उभ्या गाड्यांवर सकाळी कुरमुरे सांडल्यासारखा थर असायचा, फिकट जांभळ्या कुरमुऱ्यांचा. पाऊस सुरू होता होता बारक्या हिरव्या शेंगा दिसू लागल्या आणि दिवाळीपर्यंत चांगल्या बोटभर झाल्या.

सासूबाईंना करंजेल, म्हणजे करंजाच्या बियांचं तेल, हवं होतं. त्यांच्या लहानपणी मुरूडला गोठ्यात करंजेलाचा दिवा असायचा, त्याच्या वासाने डास कमी येत, असं त्या सांगतात. म्हणून दिवाळीनंतर मी माळीदादांकडून दोन पिशव्या शेंगा उतरवून घेतल्या. गच्चीत आठ दिवस वाळवल्या. फोडून पाहते तर आत बी म्हणावं असं काही नाहीच. पापडाच्या तुकड्यासारखी सुरकुतलेली पातळ चिपाडं. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा उतरला तो मला दिसला.

आता जानेवारी अर्धा संपत आला, तरी झाडावरच्या शेंगा हिरव्याच आहेत. खालच्या रस्त्यावरचा कडुनिंब मार्च-एप्रिलमध्ये फुलतो आणि जून-जुलैत लिंबोळ्या पिवळ्या पडतात. मग करंजालाच एवढा वेळ का? आमच्या झाडांना काही रोग तर नाही ना? आणखी एक धास्ती आहे. दरवर्षी पावसाळ्याआधी छाटणीवाले येतात आणि फांद्या शेंगांसकट उडवून जातात. त्याआधी शेंगा हाती लागतील का?

---

अभ्या_सानपाडा | १२ जानेवारी

वाचतोय. आमच्या गल्लीतही ही झाडं आहेत. इतकी वर्षं नाव माहीत नव्हतं.

---

येऊरचा_वाटसरू | १२ जानेवारी

रोगबिग काही नाही. करंज असाच आहे. फुलापासून पिकल्या शेंगेपर्यंत दहा-अकरा महिने घेतो. एप्रिल-मेचं फूल पुढच्या वर्षी फेब्रुवारीअखेरपासून एप्रिल-मेपर्यंत पिकतं.

उपवनकडून येऊरला चढताना दर उन्हाळ्यात पाहतो. जुनी पानं गळतात, पोपटी लुसलुशीत पालवी येते आणि तिच्या मागोमाग फुलांचे तुरे. त्याच फांदीवर गेल्या वर्षीच्या तपकिरी शेंगा लटकत असतात. एकाच झाडावर दोन वर्षांचं पीक. लोकांचा गोंधळ इथेच होतो. झाडाखाली फुलं आणि शेंगा एकत्र पडलेल्या दिसल्या, की वाटतं या फुलांच्याच या शेंगा. त्या असतात मागच्या वर्षीच्या फुलांच्या.

तुम्ही दिवाळीत उतरवल्या म्हणजे सहा-सात महिन्यांच्याच होत्या.

---

सुमनताई_ऐरोली | १३ जानेवारी

हे तेच करंज का, ज्याच्या बियांनी आम्ही सागरगोटे खेळायचो? राखाडी, गुळगुळीत, घासली की चटका देणारी बी. माझ्याकडे अजून डबीत पाच आहेत.

---

येऊरचा_वाटसरू | १३ जानेवारी

नाही सुमनताई, सागरगोटा वेगळा. तो काटेरी वेल, त्याच्या शेंगेवरही काटे असतात. वैद्यकात त्याला लताकरंज म्हणतात, त्यामुळे नावाची गल्लत होते. आपला करंज म्हणजे मोठा सावलीचा वृक्ष. बी चपटी, तांबूस तपकिरी, अंगावर सुरकुत्या. खेळायला उपयोगाची नाही. तुमच्या पाच बिया मात्र जपून ठेवा, हल्लीच्या मुलांना दाखवायला मिळत नाहीत.

---

गावरान_बी | १३ जानेवारी

कृषीचं शिक्षण दापोलीला झालं आणि पहिली चार वर्षं रोपवाटिकेत गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

करंज शेंगवर्गातला. फूल नीट बघा, वाटाण्याच्या फुलासारखीच घडण आहे. वर एक मोठी पाकळी, बाजूला दोन पंख आणि खाली होडीसारखी जोडपाकळी, तिच्यात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दडवलेले. मधमाशी किंवा भुंगा त्या होडीवर वजन टाकतो तेव्हा ते बाहेर येतात आणि परागकण त्याच्या पोटाला लागतात. एप्रिलमध्ये सकाळी झाडाखाली उभं राहा, डोक्यावर नुसती गुणगुण ऐकू येते. फुलं हजारोंनी येतात, पण शेंगा धरतात त्यातल्या फार थोड्या. गाडीवर पडलेले तुमचे कुरमुरे म्हणजे न धरलेली फुलं. ती वाया जाऊ देऊ नका, कुजवून कुंड्यांत घाला, उत्तम खत आहे.

आता शेंगेकडे. करंजाच्या फुलात बीजांडं दोन असतात, पण बहुतेक शेंगांत बी एकच मिळते. दुसरं बीजांड वाढायच्या आधीच मरतं. शेंग उघडून देठापासून टोकापर्यंत नीट पाहा, कोपऱ्यात त्याची काळी वाळकी खूण सापडते. झाडाने आपलं सगळं बळ एकाच बीमागे लावायचं ठरवलेलं असतं.

आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं, की आधी घर बांधलं जातं, मग सामान येतं. शेंगेचं टरफल आधी वाढतं. बी आत बराच काळ नखाएवढी पातळ राहते. ती भरते शेवटच्या दोन-तीन महिन्यांत आणि तेलही तेव्हाच चढतं. त्याबरोबर पाणी कमी होत जातं. म्हणून शेंग बाहेरून पूर्ण वाढलेली दिसली तरी आत पाणीच असतं. तुम्ही वाळवलीत तेव्हा ते पाणी उडालं आणि चिपाड उरलं.

घरी पाहायचं असेल तर दर पंधरा दिवसांनी एक शेंग फोडा, बी कागदावर ठेचा आणि कागद वाळू द्या. डाग उडून गेला तर पाणी. डाग राहिला आणि उजेडासमोर धरल्यावर कागद पारदर्शक दिसला तर तेल.

---

प्राजक्ता_घोडबंदर | १४ जानेवारी

छान माहिती. पण आंबा आपण कच्चा उतरवून अढीत पिकवतोच ना? तसंच महिनाभर आधी उतरवून गवतात घातल्या तर? छाटणीचा धोकाही टळेल.

---

गावरान_बी | १४ जानेवारी

नाही पिकणार प्राजक्ताताई. आंबा आपण उतरवतो तेव्हा त्याची वाढ पुरी झालेली असते, पिठूळ भाग आत साठलेला असतो. अढीत त्याची फक्त साखर होते. करंजाच्या बीला तेलासाठी लागणारा खाऊ रोज पानांकडून देठातून यायचा असतो. देठ तोडला की शिधा बंद. टरफलावर पिवळट-तपकिरी झाक आल्यावर उतरवल्या तर चालतं. गर्द हिरव्या मात्र कधीच नाही.

---

दर्यावर्दी | १४ जानेवारी

मी दिवाळे गावचा, कोळी. गावरान_बी, तुमचं सगळं पटलं, एक गोष्ट सोडून. तेल झाडावरच चढतं हे प्रत्येक झाडाला लागू नाही.

आमच्या आजीचं माहेर श्रीवर्धनचं. तिथे किनाऱ्याला उंडीची झाडं. उंडीचं फळ गोल, गोटीएवढं, आत टणक कवचाची बी. ताजी बी फोडलीत तर आत पांढरा गर, दाबून तेल निघत नाही. आजी ती फोडून महिना-दीड महिना सावलीत-उन्हात फिरवत ठेवायची. गर हळूहळू तपकिरी, चिकट होत जायचा आणि मग हात लावला तरी तेलकट. तेच उंडेल. होड्यांच्या लाकडाला लावायला त्याच्यासारखं तेल नाही, सांधे धरून ठेवतं. सुक्या गरात निम्म्याहून जास्त तेल असतं. म्हणजे उंडीचं तेल वाळवणाऱ्याच्या हाताने बाहेर येतं.

आणि उंडी वर्षातून दोनदा फुलते. तिला करंजासारखी एकदाच फुलून वर्षभर वाट बघायची सवय नाही.

---

गावरान_बी | १५ जानेवारी

दर्यावर्दी, तुमचं बरोबर आहे, मी सरसकट लिहायला नको होतं. फरक एवढाच, की उंडीचं फळ खाली पडतं तेव्हा गर पूर्ण भरलेला असतो. वाळताना पाणी जातं आणि तेल मोकळं होतं. खाडीकाठ यांच्या शेंगांत भरलेला गरच नव्हता. उंडीचंही कोवळं फळ तोडून वाळवलंत तर चिपाडच हाती येईल.

---

दर्यावर्दी | १५ जानेवारी

हे मान्य. आजीसुद्धा पडलेलीच फळं वेचायची, तोडायची नाही.

करंजाबद्दल एक सांगतो. भरतीला खाडीत करंजाच्या शेंगा तरंगताना दिसतात, जाळ्यातही येतात. शेंग आपोआप तडकत नाही, टरफल कुजून फाटेपर्यंत बी आत सुरक्षित असते. म्हणून खाडीच्या काठाने, तिवरांच्या मागे जिथे खारं पाणी थोडंच पोचतं, तिथे करंज आपसूक उगवलेला दिसतो. तो लावलाय कुणी? पाण्यानेच.

---

वऱ्हाडी_पाहुणा | १६ जानेवारी

मूळ चंद्रपूरचा, आता कोपरखैरणेत. आमच्याकडे तेलाचं झाड म्हटलं की मोह. मार्च-एप्रिलात पहाटे फुलं टपटप पडतात आणि सगळं घर वेचायला जातं. त्याच झाडाचं फळ, म्हणजे टोळ, जून-जुलैत पिकतं. दोन-तीन महिन्यांत खेळ खलास. आई टोळीच्या तेलात भजी तळायची, त्याचा वास अजून नाकात आहे.

करंजाचं तेल खातात का हो?

---

सुमनताई_ऐरोली | १६ जानेवारी

अजिबात नाही! करंजेल कडू आणि पोटाला घातक. बी चुकून चघळली तरी मळमळ, उलटी होते. घरात लहान मूल, कुत्रं-मांजर असेल तर बिया उंचावर ठेवा. लावायला मात्र छान. आमची आई खरजेला लावायची. तरी आधी मनगटावर थेंबभर लावून दिवसभर वाट पाहावी, काहींना आग होते.

---

अभ्या_सानपाडा | १७ जानेवारी

इथला धागा वाचून आज झाड नीट पाहिलं. आमच्या करंजाला चपट्या शेंगांऐवजी गोल गोल हिरवट गोळ्या लागल्यात, वाटाण्याएवढ्या, घोसच्या घोस. ही वेगळी जात का? आणि पानांवर पांढऱ्या नागमोडी रेघा आहेत.

---

गावरान_बी | १७ जानेवारी

त्या गोळ्या फळं नव्हेत, गाठी आहेत. एक चिलटाएवढी माशी करंजाच्या कळीत अंडं घालते. कळी उमलायची सोडून फुगते आणि गोळी बनते. एखादी नखाने उघडून पाहा, आत पोकळीत बारीकशी अळी सापडेल किंवा ती उडून गेल्याचं भोक. त्या कळीची शेंग होत नाही, एवढंच नुकसान. झाड मरत नाही.

पानांवरच्या रेघा दुसऱ्या किड्याच्या. त्याची अळी पानाच्या दोन पापुद्र्यांमधून खात खात जाते. रेघ सुरुवातीला बारीक आणि पुढे रुंद होत जाते, कारण अळी वाढत जाते. दोन्हीला औषध मारू नका. एवढ्या उंच झाडावर फवारलेलं औषध तुमच्याच खिडक्यांत येईल.

---

टेकडीवाला | १८ जानेवारी

अवांतर, पण महत्त्वाचं. वीस वर्षांपूर्वी करंजाच्या डिझेलचा केवढा गाजावाजा होता! २००३ मध्ये नियोजन आयोगाच्या समितीने जैवडिझेलचा अहवाल दिला आणि जट्रोफाची, म्हणजे मोगली एरंडाची, लाट आली, करंजाचं नाव त्याच्या जोडीने. त्याआधीच बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या उडुपी श्रीनिवास यांनी कर्नाटकातल्या खेड्यांत होंगे तेलावर डिझेल इंजिनं चालवून दाखवली होती. होंगे म्हणजे कानडीतला करंज. बीमध्ये तेल तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास असतं, मग हे पुढे का गेलं नाही?

---

येऊरचा_वाटसरू | १८ जानेवारी

माझ्या मते उत्तर याच धाग्यात आहे. झाड पहिलं बी द्यायला चार-पाच वर्षांहून अधिक घेतं. सगळ्या झाडांचं उत्पन्न सारखं नाही, शेजारच्या दोन झाडांतही जमीन-अस्मानाचा फरक. पिकायला वर्ष, पिकलं तरी महिना-दोन महिने थोडं थोडं पडणार, आणि ते वेचायला माणसं लागणार. गावातल्या पंपाला लागेल एवढं तेल गावाने वेचलं तर हिशोब बसतो. कारखान्याला रोज टनावारी बी पुरवायचं म्हटलं तर तो कोलमडतो.

---

प्राजक्ता_घोडबंदर | १९ जानेवारी

छाटणीबद्दल कुणीच बोललं नाही. मी आमच्या सोसायटीच्या समितीवर आहे. पावसात फांदी गाडीवर पडली की पहिला फोन मला येतो. त्यामुळे छाटणी नकोच, असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

---

खाडीकाठ | १९ जानेवारी

प्राजक्ताताई, छाटणी नको असं माझंही म्हणणं नाही. वाळक्या, वाकलेल्या फांद्या जायलाच हव्यात. पण एप्रिल-मे हा करंजाच्या वर्षातला असा काळ आहे, की फांदीच्या टोकाला नवं फूल असतं आणि मागे गेल्या वर्षीचं पिकलेलं बी. त्या वेळी सरसकट शेंडे उडवले की दोन वर्षांचं पीक एका दुपारी जातं. गेल्या वर्षी तेच झालं. ट्रकमध्ये भरलेल्या फांद्यांवर मधमाश्या बसलेल्या होत्या. मी खाली उभी राहून बघत होते. ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

---

येऊरचा_वाटसरू | २० जानेवारी

मग आत्ताच सांगून ठेवा. पालवी फुटायच्या आधी, फेब्रुवारीत धोक्याच्या फांद्या काढून घ्या. तोवर फुलं आलेली नसतात, थोड्या शेंगा जातील तेवढ्याच. मात्र आपल्या आवारातलं झाड असलं तरी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, तो अर्ज आधी करा.

---

खाडीकाठ | २ मार्च

धागा वर काढते आहे. कागदाचा प्रयोग केला, तारखा घालून वहीत चिकटवला आहे.

जानेवारीच्या २० तारखेची बी हिरवट पांढरी, कोवळ्या पावट्यासारखी. ठेचल्यावर पाणी सुटलं, संध्याकाळपर्यंत कागद कोरा. ८ फेब्रुवारीची बी फुगलेली, साल गुलाबीसर. डाग बराचसा उडाला, पण मध्ये नाण्याएवढा फिकट ठिपका राहिला. सासूबाईंनी तो खिडकीशी धरून पाहिला आणि म्हणाल्या, "आलं गं." कालची बी तांबूस, अंगावर बारीक सुरकुत्या, आणि शेंग हलवली की आत किंचित खुळखुळते. कागद पार तेलकट, मागची अक्षरं दिसतात.

समितीला फेब्रुवारीत पत्र दिलं होतं. परवानगी आली आणि दोन वाळक्या फांद्या तेवढ्या काढल्या. बाकी झाडाला कुणी हात लावला नाही.

---

गावरान_बी | २ मार्च

वा! आता झाडाखाली जुनी चादर पसरा आणि पडलेल्याच शेंगा घ्या. बी पेरायची असेल तर यंदाचीच ताजी घ्या, वर्षभर ठेवलेली उगवेलच असं नाही.

---

खाडीकाठ | २६ एप्रिल

शेवटचा हिशोब द्यायला आले.

तीन झाडांखाली मिळून सात किलो शेंगा वेचल्या. वरवंट्याने फोडल्या, साडेतीन किलोच्या आसपास बी निघाली. एका लाकडी घाण्यावर गेले तर त्यांनी नम्रपणे नाही म्हटलं. करंज काढला की कडवट वास घाण्याच्या लाकडात मुरतो आणि पुढचं खाण्याचं तेल बिघडतं. त्यांचं म्हणणं योग्यच होतं. मग सासूबाईंच्या पद्धतीने केलं. दोन किलो बी भाजून कुटली, पातेल्यात भरपूर पाणी घालून मंद आचेवर उकळत ठेवली, वर आलेलं तेल पळीने काढत राहिलो. स्वयंपाकघरात तीन दिवस वास होता. तेल निघालं दोन वाट्या, पिवळसर तपकिरी. उरलेला चोथा गुलाबांच्या कुंड्यांत मातीत मिसळला.

काल संध्याकाळी बाल्कनीत पणती लावली. धूर थोडा जास्त, ज्योत संथ. सासूबाई पाट टाकून तिच्याशेजारी बसल्या होत्या, जेवायला हाक मारली तरी उठल्या नाहीत.

उरलेल्यातल्या चाळीस बिया दुधाच्या पिशव्यांत पेरल्यात. दोन आठवड्यांत अठरा उगवल्या. खाली गाड्यांवर पुन्हा कुरमुरे पडू लागले आहेत.

---

दर्यावर्दी | २६ एप्रिल

मला सहा रोपं हवीत. आमच्या जेट्टीच्या वाटेवर सावली नाही. पाऊस लागला की येतो न्यायला.

---

प्राजक्ता_घोडबंदर | २७ एप्रिल

दोन माझी. आमच्या सोसायटीचा छाटणीचा अर्जही पुढच्या वर्षीपासून जानेवारीत देणार आहोत, ठराव झाला.

---

खाडीकाठ | २७ एप्रिल

दोघांची वेगळी काढून ठेवली. येताना जुन्या पिशव्या आणा, माझ्याकडच्या संपल्यात.